काटा वर जातोय

गोल्डन नेस्टच्या सिग्नलपाशी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मेट्रोच्या खांबांची सावली पलीकडच्या रांगेवर पडली होती आणि हंसाच्या गाडीच्या वाट्याला नुसतं ऊन आलं होतं. शेजारच्या सीटवर आत्माराम बसले होते, निर्जीव उजवा हात मांडीवर नीट ठेवून. दोघं मीरा रोडला स्पीच थेरपीसाठी निघाले होते. एसी चालू होता, तरी मघापासून हवा कोमट यायला लागली होती. हंसाने समोर पाहिलं. टेंपरेचरचा काटा मधली खूण सोडून वर निघाला होता.

"काटा वर जातोय परत," ती स्वतःशीच म्हणाली.

तेवढ्यात आत्मारामांनी डावा हात छातीवरून पलीकडे ताणला, डॅशबोर्डवरचं एक बटण चिमटीत धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. क्षणभराने जाळीतून भट्टीसमोर बसावं तसा गरम झोत दोघांच्या तोंडावर आला. मे महिन्यात, भाईंदरच्या उकाड्यात, त्यांनी हीटर लावला होता.

"अहो, काय करताय हे?" हंसाने बटण मागे फिरवलं.

त्यांनी ते पुन्हा पुढे फिरवलं. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर, बरोबर."

हंसाने त्यांचा हात धरला आणि लहान मुलाचा हात ठेवावा तसा त्यांच्या मांडीवर परत ठेवला. हीटर बंद केला. आत्माराम खिडकीकडे तोंड करून बसले. सिग्नल सुटायच्या आत काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली आणि मागून हॉर्नचा एकच गिल्ला झाला. शेजारच्या रिक्षावाल्याने उतरून गाडी कडेला ढकलायला मदत केली.

"आंटी, बोनेट अभी मत खोलना," तो जाता जाता म्हणाला. "ढक्कन को तो हाथ भी मत लगाना. पहले ठंडा होने दो."

गाडी थंड होईपर्यंत थेरपीची वेळ टळून गेली. दोघं न बोलता घरी परतले. न बोलणं आता त्या घराच्या अंगवळणी पडलं होतं.

दिवाळीनंतर आत्मारामांना पक्षाघाताचा झटका आला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला, उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच, आणि वाचा गेली. सगळीच गेली असती तर कदाचित सोपं झालं असतं. एक शब्द मागे राहिला, 'बरोबर'. भूक लागली तरी बरोबर, नको असलं तरी बरोबर, रागाने डोळे लाल झाले तरी तोंडातून बाहेर पडायचं ते बरोबरच. क्वचित, फार जोर लावला की, दुसरा एखादा शब्द निसटायचा. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांना पटवून पटवून बोललेला माणूस. सुरुवातीला हंसा त्यांना सगळं विचारायची. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर येऊ लागल्यावर विचारणं हळूहळू मागे पडलं. भाजी कुठली करायची, पंखा लावायचा का, कोणाला भेटायला येऊ द्यायचं का, सगळं तीच ठरवू लागली. आपण कधी थांबलो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

गाडीचंही तसंच. दादर सोडून भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहायला आल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी ही राखाडी गाडी घेतली, आणि रविवारची सकाळ तिच्या देखभालीच्या नावाने लिहून दिली. हंसाने लायसन्स काढलं होतं, पण हात कधी बसला नव्हता. नवरा चालवतोय तर आपण कशाला, असं करत वर्षं गेली. झटक्यानंतर मात्र त्यांना रिक्षात चढवणं-उतरवणं जिवावर यायचं, म्हणून तिने मान ताठ करून, स्टिअरिंग घट्ट पकडून गाडी चालवायला सुरुवात केली. साठीला टेकलेल्या बाईने मीरा-भाईंदर रोडच्या गर्दीत गाडी घालणं ही साधी गोष्ट नव्हती. इंद्रलोक ते मीरा रोड, एवढंच तिचं जग. पण त्या जगात ती हळूहळू रुळली होती, आणि आता गाडीच रुसून बसली होती.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, क्षितिजाचा फोन आला.

"आई, विकून टाक ती गाडी. कॅब करत जा. रस्त्यात बंद पडली आणि बाबांना काही झालं तर?"

"बघते. योगेंद्रला दाखवते आधी."

"आणि बाबांनी हीटर लावला म्हणतेस? ते आणखी गोंधळायला लागलेत का? डॉक्टरांना विचारलंस?"

हंसाने बेडरूमकडे पाहिलं. आत्माराम पलंगावर टेकून बसले होते. दार उघडं होतं. "नंतर बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

योगेंद्र पाटलाचं गॅरेज खारी गावात होतं, त्याच्या घराच्याच अंगणात. कधी काळी त्याच्या घरची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या होत्या आणि अंगणात आंब्याखाली गाड्या उभ्या असायच्या. आत्मारामांची गाडी तो पहिल्यापासून बघत आला होता. त्याने इंजिन चालू ठेवलं, पुढचा पंखा फिरतो का पाहिलं, पाइप दाबून बघितले, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत डोकावला.

"काकू, पाणी तर भरलेलं आहे. पंखाही लागतोय. थर्मोस्टॅट अडकला असणार. गरम झालं की त्याने वाट उघडायची, तो उघडत नाहीये. बदलून टाकतो."

त्याने तो बदलला. दोन-चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी हंसा आत्मारामांना घेऊन थेरपीहून परतत होती. रस्ता मोकळा होता, गाडी चांगल्या वेगात होती, आणि तरीही काटा वर सरकला. या खेपेला तिने लगेच गाडी कडेला घेतली, बंद केली. आत्मारामांनी तिच्याकडे पाहिलं, बाहेरच्या मोकळ्या रस्त्याकडे बोट केलं, मग पंख्यासारखं बोट हवेत फिरवलं आणि हाताने नाही अशी खूण केली. हंसाला काही कळलं नाही. "हो, हो, जाऊ या आता घरी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रने इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं आणि बोट आत घालून फिरवलं. बोटाला पांढुरका, तांबूस, खरखरीत थर लागला. तो त्याने अंगठ्यावर चोळला आणि तोंडाने च्‌ केलं.

"काकू, यात कूलंट कुठे आहे? पाणी हाय नुसतं. आणि तेबी बोअरचं." एरवी गिऱ्हाइकाशी तो जपून बोलायचा, चक्रावला की घरची बोली तोंडात यायची. "हे बघा, क्षार जमलाय. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात. आमच्या आज्याने या जमिनीतल्या पाण्यावर मीठ पिकवलं. ते गाडीत घातल्यावर दुसरं काय होणार? कोणी भरलं हे?"

"मी तर हात लावत नाही त्याला."

योगेंद्र गाडीखाली वाकला. टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला. "आणि हा वॉटर पंप पाझरतोय. थेंब थेंब. गरम इंजिनावर पडतो आणि सुकून जातो, म्हणून मला मागच्या वेळी दिसला नव्हता." तो उठून हात पुसत उभा राहिला. "म्हणजे कूलंट गळतंय, आणि टाकी तरी भरलेली. कोणीतरी नेमाने भरतंय, काकू. गाडी धुणारा वगैरे?"

"गाडी धुणारा कधीच बंद केला आम्ही."

रेडिएटर मागवावा लागणार होता. तोवर लांब जाऊ नका, असं सांगून योगेंद्रने गाडी परत दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हंसा रोजच्यासारखी आडवी झाली, पण झोप येईना. कोण भरत असेल, हेच डोक्यात घोळत होतं. घरात सामसूम होती. मग कडी सरकल्याचा हलका आवाज आला, आणि पाठोपाठ लिफ्टचा. ती उठून बसली. आत्मारामांची गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. दाराजवळच्या खिळ्यावर गाडीची किल्ली नव्हती.

हा माणूस गाडी चालवायला निघाला की काय? ती गॅलरीत धावली.

खाली, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या कंपाउंडमधून आत्माराम काठी टेकत गाडीपाशी पोचले होते. त्यांनी दार उघडून आतली कळ ओढली, पुढे आले, डाव्या हाताने बॉनेट उचललं आणि मग ते खाली पडू नये म्हणून चक्क डोक्यावर तोलून धरलं. मोकळ्या झालेल्या त्याच हाताने त्यांनी आधाराची दांडी चाचपून अडकवली. मग काठी गाडीला टेकवून ठेवली आणि दोन-चार पावलांवरच्या बागेच्या नळाकडे गेले. नळावर 'बोअरवेलचे पाणी, पिऊ नये' अशी पाटी होती. कुंडीमागून त्यांनी एक प्लास्टिकची बाटली काढली, नळाखाली ठेवून भरली, परत आले आणि थोडं थोडं करून टाकीत ओतलं. झाकण लावलं. ते घट्ट बसलं का, पुन्हा एकदा पाहिलं. खिशातल्या रुमालाने सांडलेलं पाणी पुसलं.

हंसा कठड्यावरून वाकून बघत राहिली. हा माणूस गोंधळलेला आहे, असं ती कितीतरी जणांना सांगत आली होती. खाली जे चाललं होतं त्यात गोंधळ कुठेच नव्हता.

ती लिफ्टची वाट न बघता जिना उतरली. तिला पाहून आत्माराम चोरी पकडल्यासारखे थबकले.

"गाडीतलं पाणी गळतंय हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"बरोबर."

ती एरवी तो शब्द ऐकून सोडून द्यायची. आज तिने शब्द सोडला आणि चेहरा पाहिला. ते तिच्या डोळ्यांत बघून मान हलवत होते. मग त्यांनी काठीचं टोक गाडीखाली नेलं. फरशीवर जुना, वाळलेला, हिरवट डाग होता. त्यांचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

"पाणी," ते म्हणाले.

हंसा बागेच्या कट्ट्यावर बसली. हा शब्द तिने ऐकला होता. होळीच्या सुमारास दोघं खाली फेऱ्या मारायचे तेव्हा ते इथेच थांबून 'पाणी' म्हणायचे, आणि ती कौतुकाने पिशवीतली बाटली उघडून त्यांच्या ओठांना लावायची. ते ती ढकलून द्यायचे. पुन्हा म्हणायचे, ती पुन्हा लावायची. एकदा चिडून त्यांनी बाटली उडवली आणि तिने क्षितिजाला फोनवर सांगितलं, बाबा फार चिडके झालेत. त्यानंतर त्यांनी तो शब्द काढणंच सोडलं होतं.

"मला वाटलं तुम्हाला तहान लागलीये," ती म्हणाली.

आत्माराम तिच्या शेजारी बसले. त्यांनी चांगला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. ऊन चांगलंच तापलं होतं, पण बराच वेळ दोघांपैकी कोणी उठलं नाही.

रेडिएटर आल्यावर हंसा त्यांना बरोबर घेऊन खारीला गेली. योगेंद्रने आंब्याखाली त्यांना खुर्ची दिली. सगळं ऐकल्यावर तो जुन्या रेडिएटरकडे बघत म्हणाला, "काका, बोअरचं घालायचं नाही हे तुम्हीच मला एकदा सांगितलेलंत."

आत्मारामांनी काठीकडे बोट केलं, मग वर, बिल्डिंगकडे दाखवावं तसं, आणि पंजा उलटा केला. घरातून भरलेली बाटली आणि काठी एका हाताने कशी आणणार, हे सांगायला त्यांना शब्द लागला नाही.

"तेही खरं. घातलं म्हणून रेडिएटर गेला. घातलं नसतं तर इंजिन गेलं असतं. रेडिएटर जाणं बरं."

"आणि तो हीटर?" हंसाने विचारलं. हा प्रश्न तिला कितीतरी दिवस टोचत होता. "सिग्नलला गाडी तापली तेव्हा यांनी हीटर लावला होता."

योगेंद्र हसला. "मग काय चुकलं? हीटर म्हणजे इंजिनाचीच गरमी आत ओढून घ्यायची. इंजिनावरचा भार तेवढा हलका होतो. आपण भाजून निघतो, पण गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. मे महिन्यात कोणाची छाती होत नाही एवढंच."

मोकळ्या रस्त्यावर केलेल्या त्या खुणाही तिने करून दाखवल्या. योगेंद्रने पाना खाली ठेवला. "गर्दीत उभी असताना तापली तर पंख्यावर संशय घ्यायचा. पण वेगात वारा मिळत असूनही तापली, तर पंख्याचा दोष नाही, आत पाणीच फिरत नाहीये. काका तेच सांगत होते." जरा थांबून तो म्हणाला, "मी थर्मोस्टॅट बदलला तेव्हा त्यांना घेऊन आला असतात तर माझीपण एक चक्कर वाचली असती."

त्याने पंप बदलला, नवा रेडिएटर बसवला, आतली वाट पुन्हा पुन्हा धुऊन काढली आणि कूलंट भरलं. पण त्याच्या पुतणीची हळद होती, घरातून हाकांवर हाका येत होत्या, आणि त्याने शेवटचं काम उरकतं घेतलं. घरी येताना, अगदी सोसायटीच्या फाटकापाशी, काटा पुन्हा वर सरकला.

हंसाला रडूच कोसळायचं बाकी होतं. तिने गाडी जागेवर लावली, बंद केली. मग तिने स्वतःला आवरलं आणि आत्मारामांकडे वळली.

"परत गळतंय का?"

त्यांनी पंजा आडवा हलवला. नाही.

"पंखा?"

नाही.

"मग आत काही अडकलंय?"

हात थांबला. त्यांनी अंगठा वर केला, मग गाल फुगवले आणि फुंकर मारली.

"हवा? आत हवा अडकलीये?"

आत्मारामांनी डोळे मिटून मान मागे टेकली. समोरच्या माणसाने आपलं वाक्य आपल्या हातातून घ्यावं, तसे ते सुटल्यासारखे दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पार थंड असताना, दोघं खाली उतरले. योगेंद्रला फोन लावला तर तो म्हणाला, घाईत हवा काढायची राहिली, लग्नातून सुटलो की येतो. पण काका सांगतील तसं केलंत तरी होईल, फक्त झाकण थंड असतानाच उघडा. हंसाने साडीचा पदर खोचला. आत्माराम कट्ट्यावर बसून खुणा करू लागले आणि ती प्रत्येक खूण शब्दांत म्हणून दाखवायची. झाकण काढू? अंगठा. हीटर पूर्ण लावू? अंगठा. गाडी चालू करून इथेच येऊ? अंगठा. मग त्यांनी मूठ उघडझाप केली. तिने आधी कूलंटची प्लास्टिकची टाकीच दाबली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. वरचा जाड पाइप असं कळल्यावर तिने तो दाबला, सोडला, दाबला. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडा वर आला, बद्दकन फुटला, आणि हिरवं कूलंट एकदम खाली गेलं.

"गेलं की आत," ती म्हणाली.

त्यांनी योगेंद्रने दिलेल्या कूलंटच्या डब्याकडे बोट केलं. तिने भरलं, दाबलं, भरलं. पाइप गरम व्हायला लागला तसे बुडबुडे विरळ झाले आणि मग थांबले. तिने झाकण लावलं. आत्माराम मान तिरकी करून कान देऊन बसले होते. बऱ्याच वेळाने पुढचा पंखा घुर्रकन सुरू झाला तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. काटा मधल्या खुणेवर स्थिर होता. हंसाचे हात काळे झाले होते, केस विस्कटले होते, आणि पहिल्या मजल्यावरचे शहा गॅलरीतून आ वासून बघत होते.

त्या आठवड्यात थेरपीला गेल्यावर हंसाने थेरपिस्ट मनालीला सगळं सांगितलं. "त्यांना सगळं कळतं," ती म्हणाली. "सगळं म्हणजे सगळं."

मनालीने पेन खाली ठेवलं. "काकू, मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं तुम्हाला. बोलणं गेलंय, समज गेलेली नाही. हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असं विचारत जा."

म्हटलं होतं खरं. हंसाने मानही डोलावली होती तेव्हा. ऐकलेलं आणि पोचलेलं यांत एवढं अंतर असतं, हे तिला आज नव्याने दिसत होतं.

परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गोल्डन नेस्टला गर्दी होती, पण गाडी गुमान चालत होती. पुढे आत्मारामांनी एकाएकी डावीकडे बोट दाखवलं. हंसाच्या मनात आलं, आज जरा फिरून यावंसं वाटत असेल, उत्तनचा समुद्र बघावासा वाटत असेल. किती महिने तिथे गेलो नाही. तिला भरून आलं. मग तिने स्वतःला थांबवलं आणि विचारलं.

"फिरायला जायचंय?"

पंजा आडवा हलला. नाही.

"कोणाकडे जायचंय?"

नाही. आता त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, जरा वैतागूनच. डावीकडे पेट्रोल पंप होता आणि त्याच्या कोपऱ्यात हवा भरायचं मशीन.

"टायर?"

अंगठा वर गेला. "बरोबर," आत्माराम म्हणाले.

हंसाने इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेतली. उतरून पाहिलं, तर डावीकडचं पुढचं चाक खरोखरच बसलेलं होतं.